सखोपंतांचा मज्जाव

सखोपंत मास्तरांना अपूर्णांक दिसला की ते आधी खाली वाकत. अगदी खरोखर वाकत. मुलाने फळ्यावर अंश-छेद मांडले की मास्तर कमरेतून झुकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, आडव्या रेघेखाली काय आहे ते पाहत. वर काय लिहिलंय याची त्यांना घाई नसे. मग खडूच्या मागच्या टोकाने छेदावर टकटक करून विचारत, "इथे कोणाला मज्जाव?"

कल्याणच्या आमच्या इंग्रजी शाळेत ते आले तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांचा होतो. मोठ्या दुष्काळाला दोन-तीन वर्षं झाली असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर एक मांडला, त्याखाली रेघ ओढली आणि रेघेखाली लिहिलं, क्ष वजा तीन. आम्ही पाट्या सरसावून बसलो. आता हे कशाबरोबर तरी असेल, मग क्षची किंमत काढायची, असं आम्हांला वाटलं. मास्तर काहीच पुढे लिहीनात. म्हणाले, "या घरात कोण येऊ शकेल?"

कुणीतरी म्हणालं, "कोणीही, मास्तर. एक, दोन, तीन, कितीही."

"तीन आला तर?"

"तर खाली शून्य राहील."

"आणि एक वस्तू शून्य जणांत वाटायची म्हणजे प्रत्येकाला किती?"

कोपऱ्यातून एक आवाज आला, "घेनाराच नाय, तं वाटाचा कोनाला?"

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बोलणाऱ्याला उभं केलं, नाव विचारलं आणि म्हणाले, "गोमा, बरोबर. वाटणीच होत नाही." मग फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट काढून त्यांनी तीत लिहिलं: मज्जाव, क्ष = ३. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक गणिताच्या डोक्यावर ही चौकट आली. चौकट नसली तर उत्तर कितीही बरोबर असो, मास्तर पाटी न तपासता परत देत. पोरांनी त्यांचं नाव 'मज्जाव मास्तर' पाडलं, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

त्यांची बोलण्याची तऱ्हा अशी की गणित सांगताहेत की घरगुती उपदेश करताहेत ते कळत नसे. "अंश शून्य झाला तर काही बिघडत नाही, पाहुणा आला नाही एवढंच. छेद शून्य झाला तर घराचा पायाच गेला." मुलं वर-खाली सारखं दिसलं की सपासप काट मारत, त्यावर ते म्हणत, "थांब. ज्याला काट मारतोस तो शून्य नाही याची खात्री केलीस का? भरती-ओहोटी विचारल्याशिवाय खाडीत होडी सोडतोस काय?" आणि कुणी फार झरझर उत्तर काढलं तर त्यांचा चेहरा पडे. "घाई उत्तराला असते रे, प्रश्नाला नसते."

यावरून कुणाला वाटेल की मोठे करारी गृहस्थ असतील. तसं नव्हतं. सखोपंत भित्रे होते. अंगाने किरकोळ, पगडी डोक्यापेक्षा मोठी. वरिष्ठांपुढे बोलताना पहिलंच अक्षर त्यांच्या ओठांत अडके. हेडमास्तरांनी हाक मारली की "ज-ज-जी" असं तीनदा होई. त्यात दहा वर्षं नोकरी होऊनही ते हंगामीच होते. कायम व्हायचं तर डिपोटीसाहेबांचा, म्हणजे जिल्ह्याच्या शाळा तपासणाऱ्या अंमलदाराचा, चांगला शेरा हवा. डिपोटी येणार असले की आदल्या दिवशी मास्तरांना जेवण जात नसे, असं त्यांची आई आमच्या आईला सांगे.

गोमा हा डोंबिवलीकडच्या खाडीकाठच्या गावातला. त्याचा बाप पोशा मिठागरात राबे. गोमा रोज रुळांच्या कडेने चालत कल्याणला येई. पायांना मिठाच्या चिरा, पण पाटी कधी फुटलेली नाही. पोशा एकदाच शाळेत आला होता. दाराबाहेर उभा राहून म्हणाला, "मास्तर, यो पोर आगरान घालू क शालंन ठेवू, तुमीच सांगा." मास्तर म्हणाले, "मला एक वर्ष द्या." पोशाने हात जोडले आणि गेला. त्या एका वाक्यात मास्तरांनी केवढं ओझं उचललं होतं ते मला फार उशिरा कळलं.

कारण आमच्या तालुक्याला शिष्यवृत्ती एकच होती. ठाण्याच्या हायस्कुलात शिक्षण आणि राहणं-जेवण फुकट. ती मिळाली तरच गोमा पुढे शिकणार, नाहीतर बापासारखं मिठाचं आगर. माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून. मला ती नसती मिळाली तरी ठाण्याला मामा होते. पण वर्गात पहिला कोण, मी की गोमा, याचा निकाल दोन वर्षं लागत नव्हता, आणि वडिलांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "मिठागराच्या पोराने तुला मागे टाकलं तर मला कचेरीत तोंड दाखवता येणार नाही."

परीक्षा ठाण्याला झाली. मास्तर आम्हां दोघांना स्वतः घेऊन गेले. बीजगणिताच्या कागदात पाचवं गणित होतं. ते मी आजही झोपेतून उठवलं तरी मांडून दाखवीन:

क्ष/(क्ष−३) = २ + ३/(क्ष−३)

मी सवयीने आधी चौकट काढली. मज्जाव, क्ष = ३. मग सगळ्याला क्ष वजा तीनने गुणलं, दोन ओळींत गणित सुटलं आणि उत्तर आलं, तीन.

माझा टाक थांबला. दारावर ज्याला मज्जाव लिहिला तोच घरात येऊन बसला होता. मास्तरांनी शिकवलं होतं त्याप्रमाणे पुढची ओळ सरळ होती: या समीकरणाला उत्तर नाही. पण मी तो छापील कागद पुन्हा पाहिला. सरकारी कागद. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, 'क्षची किंमत काढा.' ज्याने गणित घातलं त्याला किंमत हवी होती, आणि तीन ही किती गोंडस किंमत होती! उत्तर नाही असं लिहून मार्क गेले तर? मी चौकटीवर एक आडवी रेघ मारली, खाली 'क्ष = ३' लिहिलं आणि पुढच्या गणिताकडे वळलो.

बाहेर चिंचेखाली मास्तर उभे होते. त्यांनी आधी गोमाला विचारलं, "पाचवं?"

"उत्तर नाय, मास्तर. तीन येतो, पन तीनाला मज्जाव हाय."

मास्तरांचा चेहरा असा उजळला की मी तसा कधी पाहिला नव्हता. मग ते माझ्याकडे वळले. "आणि तू, वामन?"

मी म्हणालो, "मीसुद्धा तेच लिहिलं."

महिन्याने निकाल आला. शिष्यवृत्ती मला. गोमा दुसरा, मागे पडला तो बरोबर एका गणिताच्या मार्कांनी. घरी पेढे वाटले. वडिलांनी मला कचेरीत नेऊन मामलेदारसाहेबांच्या पाया पडायला लावलं. गोमा दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही.

मास्तरांनी चौकशी केली. ठाण्याच्या एका ओळखीच्या कारकुनाकडून त्यांना कळलं की गोमाचं पाचवं गणित चूक धरलं आहे. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि एक अर्ज पुढे ठेवला. अक्षर मोत्यासारखं. डिपोटीसाहेबांना लिहिलं होतं की, पाचव्या गणितास उत्तर नाही, हे बीजगणिताच्या नियमाने सिद्ध आहे. सबब गोमाचे मार्क त्यास मिळावेत. आणि पुढे असं: 'पहिला आलेला विद्यार्थी वामन याने हेच उत्तर लिहिले असता त्याचे बरोबर धरले, व गोमाचे तेवढे चूक धरले, हे कसे?'

"तुझं नाव घातलंय," मास्तर म्हणाले. "चालेल ना रे? तुला काही त्रास व्हायचा नाही. उलट तुझाच दाखला सगळ्यांत भक्कम आहे."

त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी मान हलवली. होकाराची. मास्तरांनी अर्जाची घडी घातली. ते म्हणाले, "वरिष्ठांना च-च-चूक म्हणायची पहिलीच वेळ आहे माझी."

पुढचे पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. मास्तर माझ्याकडे पाहून हसत; आपला भक्कम दाखला म्हणून. मला त्यांच्या वर्गात बसवेना. घरी सांगायची सोय नव्हती. एकदा संध्याकाळी त्यांच्या घरापर्यंत गेलो, आत त्यांची आई म्हणत होती, "कशाला रे बाबा दुसऱ्याच्या पोरासाठी? यंदा कायम होणार होतास." मास्तर काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. मी तसाच परतलो.

डिपोटीसाहेब आले ते एका सकाळी, न कळवता. गोरेपान, लाल पगडी, हातात उत्तरांच्या कागदांचं पुडकं. तसे ते न्यायी म्हणून प्रसिद्ध होते, पण त्या गणिताचा कागद त्यांच्याच देखरेखीखाली निघाला होता. त्यांनी वर्ग भरवला. हेडमास्तर बाजूला उभे. गोमालाही माणूस पाठवून आणवलं होतं. त्याच्याबरोबर पोशा आला आणि दाराबाहेर पहिल्यासारखाच उभा राहिला.

"पंत," डिपोटी म्हणाले, "आपला अर्ज वाचला. गणिताचं नंतर पाहू. आपण लिहिता, दोन्ही मुलांनी एकच उत्तर लिहिलं. हे आपण डोळ्यांनी पाहिलंत?"

"न-न-नाही, साहेब. वामनने सांगितलं."

डिपोटींनी पुडक्यातून एक कागद काढला आणि मास्तरांपुढे धरला. "हा वामनचा कागद. यात उत्तर तीन आहे. शिक्षकाने सरकारात खोटा मजकूर लिहावा, आणि तोही स्वतःच्या वरिष्ठांवर ठपका ठेवायला! याचा परिणाम आपल्याला माहीत आहे?"

मास्तरांनी कागद पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. फळ्यावरच्या अपूर्णांकाखाली वाकून पाहत, तशी त्यांची नजर होती. ती मला सोसवली नाही. त्यांचे ओठ हलले, पण पहिलंच अक्षर अडकलं. अखेर ते म्हणाले, "म-म-मजकूर माझा आहे, साहेब. चूक असेल तर ती माझी."

मी उभा राहिलो. कसा ते सांगता येत नाही. म्हणालो, "मी मास्तरांशी खोटं बोललो. त्यांना माहीत नव्हतं."

डिपोटींनी भुवया उंचावल्या. "तू तीन लिहिलंस, ते बरोबर समजून लिहिलंस ना?"

"नाही, साहेब."

"मग?"

"तीनाला मज्जाव आहे हे ठाऊक होतं. गणिताच्या वर चौकट आहे. मी ती खोडली. मार्क जातील म्हणून."

डिपोटींनी कागद उजेडात धरला. खोडलेली चौकट त्यांना दिसली असावी, कारण ते बराच वेळ तिथेच पाहत राहिले. हेडमास्तर खोकले. डिपोटी मास्तरांकडे वळले, आवाज आता निराळा होता, पण सैल झालेला नव्हता. "ठीक. पण मुलगा खोटं बोलला म्हणून गणित खोटं ठरत नाही. पंत, क्षच्या जागी तीन ठेवले तर दोन्हीकडे शून्याने भागलेली राशी येते. आपल्या जुन्या ज्योतिष्यांनी तिला खहर म्हटलं, अनंत मानलं. अनंतात दोन मिळवले तरी अनंतच. दोन्ही बाजू समान. तीन का चालू नये?"

इथे एक नवल घडलं. मास्तर खडू घेऊन फळ्याकडे गेले, आणि त्यांचं अडखळणं थांबलं.

"साहेबांनी दोनाच्या जागी पाच घातले असते तर?" त्यांनी भराभर मांडलं. "उत्तर तीन. पन्नास घातले तर?" पुन्हा मांडलं. "तीन. एक सोडून काहीही घाला, तीनच. ज्या गणितात आपण काय विचारलं याला किंमतच नाही, ते गणित आपल्याला काय सांगणार?"

त्यांनी फळा पुसला आणि मूळ गणित पुन्हा मांडलं.

"आता उजवीकडचा अपूर्णांक डावीकडे आणू. छेद एकच आहे, म्हणून वर राहिले क्ष वजा तीन, आणि खालीही क्ष वजा तीन." मास्तरांनी रेघेखाली टकटक केलं. "तीन सोडून क्षला हवं ते समजा, डाव्या बाजूची किंमत एक येणार. आणि उजवीकडे आहेत दोन. साहेब, हे गणित विचारतंय की एक बरोबर दोन केव्हा होतात. गोमाने लिहिलं, कधीच नाही."

डिपोटी खुर्चीतून उठले, फळ्याजवळ गेले आणि त्यांनी स्वतः खडू घेतला. तीनदा मांडून पाहिलं. मग त्यांनी खडू ठेवला, हात पुसले, पुडकं बांधलं आणि "वरिष्ठांस कळवू" एवढंच म्हणून ते निघून गेले. दारात पोशाने त्यांना वाट करून दिली.

महिन्याभरात दोन हुकूम आले. पहिला असा की पाचव्या गणिताचे मार्क गोमास द्यावेत व वामनचे वजा करावेत, शिष्यवृत्ती गोमास. दुसरा असा की सखोपंतांची बदली मुरबाडपलीकडे, घाटाच्या पायथ्याच्या एका शाळेत करण्यात येत आहे. नेमणूक पूर्ववत हंगामी. कारण दोन्हींत लिहिलेलं नव्हतं. वडील माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. मी पुढच्या वर्षी मामांकडे राहून ठाण्याला शिकू लागलो.

मास्तर निघाले त्या सकाळी मुरबाडच्या वाटेवर त्यांची बैलगाडी उभी होती. आई आत बसली होती, भांड्याकुंड्यांत. मी जवळ गेलो. किती तरी वाक्यं घोकून आलो होतो. एकही आठवलं नाही. मास्तरच म्हणाले, "तू उभा राहिलास ते बरं केलंस. त्याआधी जे केलंस ते वाईट केलंस. दोन्ही खरं आहे. एकाने दुसऱ्याला काट मारू नकोस." मग गाडीवानाला म्हणाले, "चला." मागे वळून पाहिलं नाही. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो.

दोन वर्षांनी, वैशाखात, मुरबाडपलीकडच्या त्या शाळेच्या शिपायाने निरोप आणला. डोंगरातल्या हिवतापाने मास्तर गेले. शेवटचे आठ दिवससुद्धा शाळेला येत होते, मुलांना शाळेच्याच ओसरीवर बसवून शिकवत होते.

गोमा सुट्टीत गावी आला होता. त्याला कळवायला मी चालत गेलो. भर दुपारची वेळ होती. मिठागरात पाणी आटून पांढरं झालं होतं आणि पोशा इतर माणसांबरोबर मीठ ओढत होता. गोमा बापाशेजारी गुडघाभर चिखलात उभा होता. मी बांधावरून सांगितलं. गोमाने हातातलं मीठ ओढायचं लाकडी दाताळं खाली टाकलं आणि तिथेच बसला.

पोशा बांधावर आला. मग गोमाला म्हणाला, "मास्तर सायबाशी कशापायी भांडला रं? मना आजपावत कलला नाय."

गोमाने डोळे पुसले. "एक गनित होता, बाबा. त्याला उत्तर नव्हता. सायेब बोलला, हाय. मास्तर बोलला, नाय."

"आनि खराच नव्हता?"

"नव्हता."

"आनि इतक्यापायी त्याला डोंगरान पाठवला?"

"हां."

पोशाने खाडीकडे पाहिलं. वारा पडला होता, ऊन रणरणत होतं. मिठाला असे दिवस वर्षात मोजकेच मिळतात, आणि एक दिवस चुकला तर मागून भरून निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने तोंडाशी हात धरून आगरातल्या माणसांना हाक घातली.

"वर या रं सगली. आज आगरान कोनी उतराचा नाय. आमचा मास्तर गेला."

एकेक करून माणसं वर आली. कुणी विचारलं नाही, कोण मास्तर. बांधावर ओळीने बसली, डोक्यावरची फडकी काढून, आणि उन्हात मीठ तसंच पडून राहिलं.